वाघाची इडली

बरकतपुऱ्यातल्या शाळेत गोष्टींचा वर्ग घेत होते, तेव्हाचं सांगते. जंगलात वाघाला चकवून घरी पळालेल्या मुलीची गोष्ट मी कागदी मुखवटे घेऊन रंगवली. मुलगी वाचली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीतली आयेशा मात्र रडायला लागली.

"टीचर, शेर तो भुक्काच रै गया ना."

इतकी वर्षं गोष्ट सांगतेय, पण वाघाचं कुणी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या श्रावणीनं डबा उघडला आणि वाघाच्या मुखवट्यापुढे इडली ठेवली.

मी विचारलं, "शेर इडली खाता क्या?"

ती तेलुगूत म्हणाली, "आकलेस्ते तिंटुंदि, टीचर." भूक लागली की खातो.

आयेशानं डोळे पुसले.

आता माझ्या गोष्टीतली मुलगी पळण्याआधी डबा उघडते.