कडेने उजळलेल्या पेशी

...नाही नाही, त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. इकडे बसा, आणि फोन उपडा ठेवा, या खोलीत उजेड चालत नाही. चौकशी समितीने पाठवलंय म्हणजे बोलणं भाग आहे — पण आधीच सांगते, मी नुसती सूक्ष्मदर्शक चालवणारी बाई. बावीस वर्षं झाली, निवृत्तीला आठ महिने उरलेत, आता कुठे डाग लावून घेऊ? शोधनिबंध त्या पीएचडीच्या मुलीचा, सही तिची, मग खोटेपणाही तिचाच, नाही का? घाईबाई म्हणतो आम्ही तिला. वाईट नाही हो पोरगी, डबासुद्धा उभ्याने खाते. पदवी जाणार म्हणतात तिची — जाणार ना? कागद चाळायला लागलात म्हणजे जाणार.

काम तसं सरळ आहे. पेशीच्या कातडीवर बाहेरून आलेले निरोप टिपणारे रेणू बसलेले असतात, रिसेप्टर. ते दिसत नाहीत, म्हणून त्यांना चमकणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडायचं — निळा प्रकाश टाकला की शेपूट हिरवं उजळतं आणि रिसेप्टर कुठे आहे ते कळतं. तिने लिहिलं, औषधाआधी सगळे कडेला, औषधानंतर आत. दुसऱ्यांनी करून पाहिलं तर औषध न देताच निम्म्याहून जास्त पेशींत ते आत अडकलेले, शेपटामुळेच म्हणे. म्हणजे तसले फोटो तिने दडवले, हाच आरोप ना? पण दडवेल कुठून, तिच्याकडे ते नव्हतेच — म्हणजे असं, की ती बाहेर पेशींच्या पुढच्या बशा तयार करायची आणि आत मी एकटी. पेशी मीच शोधते, सगळ्यांच्याच. माझ्यासारखा डोळा इथे कुणाला नाही, प्रयोगशाळेच्या सरांना विचारा. कड लखलखणारी पेशी मी बघता बघता काढते. पोटात हिरवा गोळा झालेल्या असतात त्या आजारी, त्यांचे कसले फोटो काढायचे? त्या मी सोडूनच देते, पहिल्यापासून — तुम्ही लिहायचं का थांबलात?

बरं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही तिचीच बशी, औषध न दिलेली, तुमच्यासाठीच मागवली. बघा पडद्यावर. ही आजारी. ही पण. थांबा, सरकवते — ही... हीसुद्धा. ही कडेची, दिसली ना? ही एक. शेजारची पोटात. तिच्या पलीकडची पोटात, आणि ही तर — ही विभागून एकीची दोन होतेय. आजारी पेशी अशी दोन होत नाही. एवढं मलाही कळतं.

तिने विचारलं होतं एकदा. ताई, बाकीच्याही अशाच आहेत का? मी म्हटलं, अशाच. तिने लगेच मान डोलावली, आणि तुम्ही आलात तशी मी तिच्यावरच ढकलून मोकळी झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला लाज वाटतेय हो, फार लाज वाटतेय.

लिहा. पेशी सूक्ष्मदर्शकाच्या बाईंनी निवडल्या, मुलीला न सांगता. बाकीच्या साठवल्याच नाहीत. लिहिलंत? वाचून नका दाखवू. सही कुठे करायची — इथे? झालं. आता जा तुम्ही. दिवा मी नंतर लावीन.