एकच उत्तर

सासू : ह्या पिंपापायी घर सोडलंस होय गं?

सून : आई, पिंप नाही ते. आत क्वांटम कम्प्युटर आहे. पुढे नका जाऊ, जरासा धक्काही सोसत नाही त्याला.

सासू : मोठं नाजूक! माझा मुलगा गेला तेव्हा बंद पडलं नाही, आता माझ्या पायांनी पडणार?

सून : त्यानंच लावलेलं गणित चाललंय आत. दोन कण एकमेकांवर आदळले की काय काय होतं, ते.

सासू : आदळू देत. तू चल. घरात भांडायलासुद्धा माणूस नाही मला.

सून : हे संपलं की त्याचं म्हणून चालू असलेलं काहीच उरणार नाही.

(पिंप थंड ठेवणाऱ्या पंपाची धडधड.)

सासू : एवढी वीज खातंय, एवढं थंड करून ठेवलंय, मग एकदाचं उत्तर का देत नाही मेलं?

सून : देतं ना. पण बघायला गेलं की एकच उत्तर हाती येतं आणि आतली मांडणी मोडते. मग परत पहिल्यापासून मांडायचं. हजारो वेळा. दर वेळी उत्तर थोडं निराळं. कुठलं किती वेळा आलं, त्यावरून कण कसे वागतात ते कळतं.

सासू : आणि इतक्यांदा विचारून एकच आलं तर?

सून : तर आम्ही घाबरतो. काहीतरी अडकलंय म्हणून उघडून बघतो.

सासू : हं. त्याचंही एकच. ताटावर विचारा, दारात विचारा, 'बरा आहे'. आणि डॉक्टर म्हणतो, छातीचं दुखणं जुनं होतं.

सून : मलाही तेच सांगायचा. ह्याच खुर्चीत बसून. मी शेजारी बसून आकडे तपासत होते, आई.

सासू : जेवलीस?

सून : हो.

सासू : झोपतेस?

सून : झोपते की.

सासू : कशी आहेस?

सून : बरी आहे.

सासू : काल फोनवर बरी. परवाही बरीच होतीस. परत विचारते. कशी आहेस?

सून : डोळे मिटवत नाहीत मला, आई.

सासू : ऊठ. त्याचं गणित चालू दे. कोट कुठे टांगलायस तुझा?