भिंतीवरची रेजा

हसू नका, पण भंडाऱ्याच्या विद्यापीठ केंद्रात गेलो की तिथल्या एका भिंतीला मी अजून हात लावतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर ती इमारत उभी राहिली. बांधकाम समितीत बायांनाही मिस्त्रीकाम द्या, असा हट्ट मीच धरला आणि भिंत वाकडी झाली तर काय, या धास्तीने मीच झुरत होतो.

आंधळगावची सुमनबाई पुढे आली. नवरा देवाजी मिस्त्री आणि ती त्याच्या हाताखाली माल वाहणारी रेजा.

ठेकेदार हसला. “सर, रेजा मिस्त्री झाली तं घमेलं कोन उचलन?”

“हे हायेत न,” तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “भिंत वाकडी झाली तं उद्यापासून मीच उचलीन.”

दुपारी ठेकेदाराने तिने रचलेल्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत सरळ होती. तो ओळंबा गुंडाळून गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सुमनबाईने वरून आवाज दिला, “ए रेजा, माल आण!”

देवाजीने घमेलं आपटलं. “काहून वं, मले नाव नाही का?”

“मलेही हाय न. तुमी कधी घेतलं?”

देवाजीने घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन हळूच म्हणाला, “सुमन, माल घे.”