झील कोण धरणार?

राजेश्वरच्या थांब्यावर अंकुशराव गाडीची वाट बघत होते. त्यांना नेहमीसारखं उदगीरच्या वाटेवरच्या भालकीला जायचं होतं. शेजारी दोन बाया बोलायल्या होत्या.

"जयभीम चांगुणाबाई! नवं लुगडं नेसून कुठं?"

"उदगीरला, विमल. आमच्या बाबूलालचं कविसंमेलन हाय. माझ्यावर कविता लिहिलाय."

"मग झकास की!"

"कशाचं झकास? वाचून दाखविला मला. त्यात मी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत रडायलेय."

"फोडलीसच की खडी."

"फोडले. पर रडले कवा? तू संगं हुतीस."

"रडतीस कशाची! मुकादमावर गाणी रचायचीस. हसून हसून आमच्या टोपल्या सांडायच्या."

"तेच सांगितले त्याला. तर म्हणतोय, 'आई, रडलीस तरच लोकं टाळ्या देत्यात.'"

"अगं माय! मग?"

"म्हणले, वाच बाबा. तुझं झालं की मी उठून मुकादमाचं गाणं म्हणते. बघू टाळ्या कुणाला पडत्यात."

"अन् तुझ्या मागनं झील कोण धरणार? एकटीनं रंगतंय व्हय ते?"

"तू तर बसवकल्याणच्या बाजाराला निघालीस."

"बाजार कुठं पळून जायलाय? सरक, मला बी येऊ दे."

गाडी आली. दोघी पुढच्या बाकावर बसल्या, अंकुशराव त्यांच्या मागं, आणि चांगुणाबाईनं हलकेच सूर धरला.

"भालकी?" कंडक्टरनं विचारलं.

"उदगीर," अंकुशराव म्हणाले.