डोंगरावरचं तीस टक्के

नेल्वी : मामा, तो डबा खाली ठेव. रिमोटच्या गाडीच्या टाकीत एक थेंबही ओतू नकोस.

सातुर्निनो : अगं, याच तीस टक्के नायट्रोच्या इंधनावर वर डोंगरात, एल आल्तोत, तीन शर्यती मारल्यास ना? आता खाली सांताक्रूझच्या सपाटीला उतरलो तर ते विष झालं?

नेल्वी : वर हवा विरळ, इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून तीस टक्के आणि इंधन सोडणारी सुई आवळलेली. इथे हवा दाट. त्याच सुईवर इंधन अपुरं पडतं आणि इंजिन तापून जळतं. इथल्या दुकानातल्या बाईंनी सोळा टक्केवालं दिलंय.

सातुर्निनो : दुकानातली बाई! तिनं इंजिन उघडलंय कधी? अख्खं एल आल्तो माझ्या दारात इंजिनं घेऊन येतं. मी कानानं सुई लावतो, कानानं! थांब, आधी धरणीमायला दोन थेंब देऊ दे.

नेल्वी : तिला अख्खा डबा दे. आत्ता सरावात काय झालं? मी गॅस सोडला आणि गाडी थांबेचना. ब्रेक दाबून धरला तरी किंचाळतच राहिली. मागे धुराचा पत्ता नाही.

सातुर्निनो : किती भडकतेस! कोकाची चार पानं चघळ, बरं वाटेल.

नेल्वी : भडकणारच! रिमोटची असली म्हणून काय, साडेतीन किलोची गाडी आहे. ऐंशीच्या वेगानं त्या कोपऱ्यावर जाणार आणि तिथे तू उभा!

सातुर्निनो : उलटलेल्या गाड्या सरळ करायला प्रत्येक संघानं एक माणूस द्यायचा. आपण दोघंच आलोय. मग काय आपल्याला आणणाऱ्या बसवाल्याला उभा करू?

नेल्वी : ती तुझ्या पायापासून वीतभरावरून गेली. तू हललासुद्धा नाहीस.

सातुर्निनो : वीस वर्षं खाणीत सुरुंग लावलेत मी. खेळण्याला घाबरू?

नेल्वी : मलाही वाटलं, काय धीट आहे मामा! मग मागून हाक मारली. तीनदा.

सातुर्निनो : गोंगाट होता.

नेल्वी : सगळी इंजिनं बंद झाली होती, मामा.

(सातुर्निनो डबा खाली ठेवतो.)

नेल्वी : इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाक. अजून गरम आहे.

(तो टाकतो. थेंब टेकतो न टेकतो तोच उडून जातो.)

सातुर्निनो : इंजिन ठीक असतं तर बुडबुडे यायला हवे होते. हळूहळू.

नेल्वी : हो.

सातुर्निनो : फार ओरडत होती का गं?

नेल्वी : कान फाटतील इतकी.

सातुर्निनो : मला काहीच ऐकू आलं नाही. इंजिनाला बोट लावलं की थरथर कळते, तेवढ्यावर चालवतोय.

नेल्वी : कधीपासून?

सातुर्निनो : गेल्या कार्निव्हलच्या सणाआधीपासून. पहिल्यांदा बारीक आवाज गेले. आता पाठीमागचं काही ऐकू येत नाही.

नेल्वी : आणि लोकांची इंजिनं?

सातुर्निनो : अजून कुणी तक्रार आणली नाही. रोज दार वाजलं की वाटतं, आज आली तक्रार. तेही वाजलं हे तुझी मामी सांगते तेव्हाच कळतं.

नेल्वी : मामा...

सातुर्निनो : रडायला वेळ नाही, शर्यतीला वीस मिनिटं राहिलीत. थंड होऊ दे आधी. मग सोळा टक्केवालं ओत. इंजिनाच्या डोक्याखाली एक चकती वाढव, दाब कमी होईल. सुई अर्धा फेरा उघड. निळा धूर दिसला पाहिजे. धूर मला दिसतो.

नेल्वी : आणि तरीही थांबली नाही तर? कोपऱ्यावर तू असलास तर माझं बोट गॅसवर टेकणारच नाही. खरंच सांगते, मी शर्यतीत नाही उतरणार.

सातुर्निनो : तिथे उभं राहायचं तर मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी, पोरी. मला कळतं ते.

नेल्वी : मग पंचांकडे जाते. दुसरा माणूस मागते. काय सांगू त्यांना?

सातुर्निनो : सांग, म्हातारा घाबरला. कानाचं बोलू नकोस.