गाडीपुरती शेड

…नाही, पण पत्र्यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा! चार लोखंडी खांब, वर पत्रे, संपला विषय. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली, तीही रिटायर झाल्यावर, तीही लाल, आणि ती बिचारी अंगणात झाडाखाली उभी, आणि झाडावर पक्षी… पुढचं मी सांगायला नको. रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन मी! म्हटलं, शेड बांधू. एवढंच हो. गाडी ठेवायचीय!

तर बायको म्हणाली, "माझ्या भावाला विचारा, त्याला त्यातलं कळतं." आता मेहुण्याला त्यातलं कळतं म्हणजे काय, तर तो कधीकाळी टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. आला. चांगली मोठी बॅग घेऊन आला. मी आपला भोळा, म्हटलं टेप-बिप असेल बॅगेत!

त्यानं पत्र्यावर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं. "भाऊजी, पत्रा? उन्हाळ्यात भट्टी होईल, भट्टी! माणूस शिजेल आत." मी म्हटलं, माणूस कशाला शिजेल, गाडी ठेवायचीय! "तेच म्हणतोय मी," म्हणाला, आणि पत्रे गेले परत.

मग विटा की ब्लॉक? दुकानदार म्हणतो, "पोकळ ब्लॉक घ्या साहेब, आत गार राहतं, शिवाय बाहेरचा आवाज येत नाही." मेहुणा लगेच, "हां, आवाजाचं महत्त्वाचं!" गाडीला आवाजाचं काय हो? ती स्वतःच आवाज करते! पण बायकोनं माझ्याकडे असं काही बघितलं… घेतले ब्लॉक. हल्ली मी भांडत नाही. नुसता बघत बसतो.

मग फरशी. मी म्हटलं, कोबा करा, गवंडीही म्हणाला, कोबाच बरा, तर मेहुणा दुकानात चपला काढून टाइल्सवर अनवाणी चालला, पुढे-मागे, डोळे मिटून! "ताई, ही पायाला छान लागते गं." पायाला? टायरला म्हणायचं असेल त्याला, अशी मी मनाची समजूत घातली. मग खिडकी आली. खिडकीला जाळी आली, डासांसाठी. गाडीला डास चावतात? आतून फिकट निळा रंग लागला. आणि एक दिवस वायरमन शिडीवरून ओरडला, "साहेब, पंखा मधोमध घेऊ की कॉटवर?"

मी म्हटलं, अरे बाबा, कॉट कसली, गाडी ठेवायचीय!

तो म्हणाला, "मग दार तीन फुटांचं का केलंत?"

बायको हळूच म्हणाली, "अहो, त्याला घरमालकानं खोली सोडायला सांगितलीय. तुमच्याशी बोलायला संकोचत होता तो." संकोचत होता! डोळे मिटून टाइल्सवर चालताना? पण खरं सांगतो, राग नाही आला मला. वाईट वाटलं. गाडीचं.

गाडी झाडाखालीच आहे. परवा सकाळी मेहुणा त्या तीन फुटी दारातून बाहेर आला, तोंडात ब्रश, म्हणाला, "भाऊजी, रागावू नका, पण गाडी स्टार्ट केलीत की झोपमोड होते हो. तेवढं ब्लॉकमधूनही येतंच." आता मी रोज सकाळी गाडी न्यूट्रलला टाकतो आणि ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतो. बायको येते मदतीला, नाही असं नाही. मागून हात लावते आणि कुजबुजते, "अहो, गाडीचं दार हळू लावा, झोपलाय तो."

मी लावतच नाही. कोपऱ्यावर गेल्यावर लावतो.