मिस्टर अल्सीड पिनरला राहिले तेव्हा

(लंडनजवळचं पिनर. सुहासिनीआजींची बैठकीची खोली. नात निधी आणि तिची मैत्रीण कस्तुरी. टेबलावर रेकॉर्डर सुरू आहे.)

कस्तुरी : ...नाही नाही आजी, "मला काय आठवणार" असं नका ना म्हणू, ते रेकॉर्ड होतंय! आधीच एक जण म्हणतो कॅजन फिडलवाले मिस्टर अल्सीड उंच होते, दुसरा म्हणतो बुटके. पण ते राहिले तुमच्याच घरी ना?

आजी : राहिला की. फेस्टिवलला आला आणि चक्कर येऊन पडला. निधी, तुझे आजोबा डॉक्टर कसले! लोक मांजराची पिल्लं उचलून आणतात ना, तसे पेशंट घरी आणायचे.

निधी : पण कॅजन म्हणजे... चिकनवर टाकतो तो मसाला?

कस्तुरी : निधी! माणसं असतात गं ती. अमेरिकेत, लुइझियानात, फ्रेंच बोलणारी. आणि हे त्यांच्यातले अगदी सुरुवातीचे फिडलवाले, ग्रामोफोनच्या जमान्यातले!

आजी : फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. पण तारा लावायचा कशा, सा-पा-सा-पा! मी पुण्यात शिकले तस्सं. म्हटलं, हा तर आपल्यातलाच निघाला.

कस्तुरी : सॉलिड! ते नंतर घेऊ हं. आधी ही टेप ऐका, याच खोलीत केलेली. दोन फिडल आहेत. मिस्टर अल्सीडचं पुढे आणि एक मागे, साथीला. ते मागचं कुणाचं, कुठेच लिहिलेलं नाही. टेप करणारा डेरेक म्हणतो, मीच असणार, दुसरं कोण? एक्झिबिशनचं पॅनेल आज संध्याकाळी प्रिंटला जातंय आजी, डेरेकच्या नावाने! आणि मला ते पटतच नाहीये. लावते.

निधी : वॉव. पाय पण किती जोरात आपटते तो.

आजी : आपटतो. कार्पेटची वाट लावली होती त्याने.

कस्तुरी : श्श! आता लांबून ट्रेन जाते बघा. कॅटलॉगमध्येसुद्धा आहे, "ट्रेनची शिट्टी". ही!

आजी : ट्रेन कसली? कुकर आहे माझा.

निधी : आजीऽऽ!

कस्तुरी : आणि शिट्टी झाली की मागचं फिडल मध्येच बंद. डेरेक म्हणतो, तो भारावून गेला...

आजी : डेरेक त्या सोफ्यावर घोरत होता. आणि गॅस कोण बंद करणार?

कस्तुरी : म्हणजे... थांबा. थांबा थांबा थांबा. मागचं फिडल तुम्ही?

आजी : मघाशी सांगत होते, तर तू म्हणालीस नंतर घेऊ.

निधी : बेस्ट इंटरव्ह्यू घेतेस हां तू.

कस्तुरी : गप गं! आजी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

आजी : काय बोलायचं? मध्येच उठून गेले. गॅस बंद केला तोवर निधीचा बाबा रडत उठला, मग जेवायला माणसं आली. बाहेर येऊन बघते तर टेप संपलेली, फिडल पेटीत. सकाळी तो गेलाच. पुरं केलं असेल त्याने एकट्याने.

कस्तुरी : नाही केलं.

आजी : म्हणजे?

कस्तुरी : पुढे ऐका ना. आपली चाल सोडून देतात ते. तुमचीच साथ वाजवत बसतात, तेच तेच, तेच तेच. आणि आता... हे! "नो हरी, मॅडम." कुणाला म्हणतायत, आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. टेप संपेपर्यंत तेवढंच आहे.

निधी : आजी? पाणी आणू?

कस्तुरी : पॅनेलवर नाव कसं लिहू, आजी? नुसतं सुहासिनी, की पूर्ण?

आजी : पूर्ण लिही. आणि डेरेकचंही घाल कुठेतरी, टेप त्यानेच केली. निधी, माझ्या कपाटावरची काळी पेटी काढ. हळू, तारा तुटलेल्या असतील.

निधी : आत्ता?

आजी : मग कधी? फार ताटकळला गं बिचारा.